येरवड्यातल्या बंद्याला मानसिक आजाराचा खरा उपचार कसा मिळवून द्यायचा

ज्याची मानसिक आजाराची औषधं चालू आहेत अशा माणसाला अटक झाली, तर पहिले तीन दिवस फार मोलाचे असतात. पोलीस कोठडीत गोळ्या खंडित होतात. मग न्यायालयीन कोठडी लागते, माणूस संध्याकाळी येरवड्याला पोचतो आणि दाखल करून घेताना विचारलं जातं, "काही आजार?" भेदरलेला माणूस "नाही" म्हणतो. त्याच्या वैद्यकीय कार्डावर तीच नोंद होते आणि महिनाभर कुणाला काही कळत नाही. घरच्यांना कळतं ते मुलाकतीत. काचेपलीकडे बसलेला मुलगा इंटरकॉम कानाला लावतच नाही, किंवा भलत्याच दिशेला बघून पुटपुटत असतो.

पुढचं सगळं आईवडील, बायको, भाऊबहीण, वकील आणि पॅरालीगल (कायद्याच्या कामात मदत करणाऱ्या) स्वयंसेवकांसाठी आहे. मुख्य सांगणं असं: अर्जात नुसतं "उपचार मिळावेत" असं लिहू नका. कोणता आजार, कोणतं औषध किंवा कोणती थेरपी, किती दिवस, कुठल्या विभागात, पुढची तपासणी कधी, हे सगळं नाव घेऊन मागा. "उपचार मिळावेत" या अर्जावर "उपचार चालू आहेत" असं उत्तर येतं, आणि झोपेची एक गोळीसुद्धा त्या उत्तरात बसते.

आधी एक कागद

ए-फोर आकाराचं एकच पान, जास्त नाही. वर बंद्याचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव, वय, गुन्हा रजिस्टर क्रमांक आणि पोलीस ठाणं. मिळाला असेल तर बंदी क्रमांक. खाली या गोष्टी:

आजाराचं निदान, कुणी आणि कोणत्या वर्षी केलं. चालू औषधं, म्हणजे ब्रँडचं नाव, कंसात मूळ औषध, किती मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा. शेवटची गोळी कधी घेतली, तारखेसह. पूर्वी कधी भरती झाला होता का. आत्महत्येचा प्रयत्न केला होता का, कधी. फिट येते का, मधुमेह किंवा थायरॉइड आहे का. दारू, गांजा, ब्राउन शुगर, "बटण" म्हणतात त्या झोपेच्या गोळ्या, तंबाखू यांपैकी काय आणि रोज किती. शेवटी उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं नाव आणि घरचा फोन.

नशेचा तपशील लपवू नका. घरच्यांना वाटतं, केस बिघडेल. पण रोज पिणाऱ्या माणसाची दारू एकदम सुटली की ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भ्रम, थरथर, ताप अशी अवस्था येऊ शकते. त्यात जीव जातो. डायझेपाम किंवा क्लोरडायझेपॉक्साइड आणि थायमिनचं इंजेक्शन वेळेवर मिळालं तर हे टाळता येतं. अल्प्राझोलामसारख्या गोळ्या एकदम थांबल्या तरी फिट येते. गुन्ह्याबद्दल मात्र या कागदावर अक्षर लिहायचं नाही. कागद फक्त आजारपणाचा ठेवा आणि देण्याआधी वकिलाला दाखवा.

सोबत शेवटच्या प्रिस्क्रिप्शनची आणि असेल तर डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स जोडा. औषधाच्या पट्टीचा फोटो काढताना नाव आणि मिलिग्रॅम छापलेली बाजू दिसेल असा काढा. अर्धी फाडलेली पट्टी पाठवली तर नेमकं नावच गेलेलं असतं.

पाच प्रती काढा. पोलीस कोठडी असेल तर एक तपास अधिकाऱ्यांना. सर्वोच्च न्यायालयाच्या डी. के. बसू निकालानुसार कोठडीत दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी व्हायला हवी, तेव्हा हा कागद डॉक्टरांसमोर गेला पाहिजे. दुसरी वकिलांमार्फत न्यायालयाच्या रेकॉर्डवर. तिसरी कारागृह अधीक्षकांना, "मार्फत अधीक्षक, प्रति वैद्यकीय अधिकारी" असं लिहून. चौथी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला. पाचवी तुमच्याकडे, पण तिच्यावर आवक शिक्का आणि तारीख घेतलेली. पोच मिळत नसेल तर स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती त्याच प्रतीला टाचून ठेवा. पुढे न्यायालयात "आम्हाला कळवलंच नव्हतं" असा मुद्दा निघाला, तर हाच शिक्का उपयोगी पडतो.

घरून नेलेली औषधं गेटवरून थेट आत जात नाहीत, आणि हे बरोबरच आहे. आत गोळ्यांची विक्री होते. मूळ प्रिस्क्रिप्शनसह वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या परवानगीचा अर्ज करा, आणि तेच औषध कारागृह रुग्णालयातून मिळावं असा पर्यायही त्यातच लिहा.

कशावर कोणता उपचार सिद्ध झालाय

"सिद्ध" म्हणजे बऱ्याच रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडून, एकाला उपचार देऊन, दुसऱ्याशी तुलना करून फरक दिसलाय. एखाद्याला गुण आला, एवढ्यावर ते ठरत नाही. घरच्यांनी डॉक्टर व्हायची गरज नाही, पण खालचं माहीत असलं तर प्रश्न नेमके विचारता येतात.

स्किझोफ्रेनिया, म्हणजे आवाज ऐकू येणं, कुणीतरी मागावर आहे ही पक्की खात्री, बोलण्यात तुटकपणा: इथे मुख्य उपचार अँटिसायकोटिक औषधं. रिस्पेरिडोन, ओलान्झापिन, हॅलोपेरिडॉल ही नेहमीची नावं. दोन वेगवेगळी औषधं पुरेशा डोसमध्ये, प्रत्येकी सुमारे सहा आठवडे देऊनही फरक नसेल, तर क्लोझापिनचा विचार व्हायला हवा. क्लोझापिन सुरू केलं की पहिले १८ आठवडे दर आठवड्याला रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजाव्या लागतात. जेलमध्ये नेमकं इथेच घोडं अडतं, म्हणून ही साप्ताहिक तपासणी कोण करणार हे अर्जातच विचारा. आणखी एक: क्लोझापिन ४८ तासांहून जास्त चुकलं तर जुन्या डोसवर पुन्हा सुरू करता येत नाही, १२.५ मिलिग्रॅमपासून परत चढवावं लागतं. तारखेला बाहेर गेलेला, किंवा दुसऱ्या जेलला वर्ग झालेला बंदी दोन दिवस गोळीविना राहिला आणि तिसऱ्या दिवशी पूर्ण डोस मिळाला, तर रक्तदाब कोसळू शकतो.

वरच्या कागदातला तंबाखूचा मुद्दा किरकोळ समजून सोडून देऊ नका. विडी-सिगारेटच्या धुरामुळे यकृत क्लोझापिन आणि ओलान्झापिन भराभर संपवतं. आत आल्यावर विडी सुटली की तीच गोळी जास्त चढते: गुंगी, लाळ गळणं, तोल जाणं. डोस तोच असूनही माणूस सुस्त पडला तर "रोज किती विड्या ओढायचा" हे डॉक्टरांना सांगा.

रोज गोळी घ्यायला नकार देणाऱ्यासाठी दोन ते चार आठवड्यांनी घ्यायचं इंजेक्शन असतं, उदाहरणार्थ हॅलोपेरिडॉल किंवा फ्लुफेनाझिन डेकॅनोएट. गर्दीच्या बराकीत ते सोयीचं पडतं, कारण गोळी जिभेखाली ठेवून नंतर विकायचा प्रश्न राहत नाही. पण ते सोयीसाठी म्हणून परस्पर सुरू होऊ नये. बंद्याला समजावून, त्याची संमती घेऊन व्हावं.

या औषधांनी पहिल्या काही दिवसांत मान आखडू शकते, डोळे वर चढू शकतात. काहींना आतून अशी तगमग होते की एका जागी बसवत नाही. बराकीत सतत येरझाऱ्या घालणारा, गिनतीला स्थिर न उभा राहणारा बंदी "मस्ती करतो" म्हणून शिक्षा खाऊ शकतो. ही औषधाची बाधा आहे, डोस कमी करून किंवा जोडीला औषध देऊन ती कमी होते. मुलाकतीत दिसलं तर त्याच दिवशी लेखी कळवा.

बायपोलर आजारात लिथियम जुनं आणि भक्कम औषध आहे, पण त्याची रक्तातली पातळी बघावीच लागते. साधारण ०.६ ते १.० या पट्ट्यात, आणि रक्त शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी काढलेलं. सकाळी गोळी देऊन अकरा वाजता रक्त काढलं तर आकडा खोटाच वर दिसतो. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखालच्या उकाड्यात घाम जातो, पाणी कमी पडतं आणि पातळी चढते. जुलाब झाले तरी तेच. अंगदुखीसाठी सर्रास मिळणाऱ्या डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनने ती आणखी वर जाते. हात जोरात थरथरणं, उलट्या, जुलाब, जीभ जड होणं, चालताना झोकांड्या जाणं ही विषबाधेची लक्षणं आहेत. लिथियम थांबवून त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्यावं लागतं. अर्जात एक वाक्य घाला: "बंदी लिथियमवर असल्याने त्यास डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन देऊ नये व पिण्याचे पाणी पुरेसे मिळावे." मूत्रपिंड आणि थायरॉइडची तपासणी दर सहा महिन्यांनी. महिला कारागृहात मूल होण्याच्या वयातल्या बाईला व्हॅल्प्रोएट दिलं जात असेल तर पर्याय विचारा. गर्भ राहिला तर बाळाच्या मेंदू-मणक्याला त्यापासून धोका असतो.

नैराश्य जेलमध्ये सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहतं, कारण शांत पडून राहणाऱ्याचा कुणाला त्रास नसतो. मध्यम ते तीव्र नैराश्यात फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम ही औषधं चालतात. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात आणि बरं वाटल्यावरही निदान सहा महिने चालू ठेवायची असतात. सोबत बोलून करायचे उपचार. त्यातल्या थोडक्या बैठकांच्या पद्धती आपल्याला जास्त कामाच्या, कारण कच्चा कैदी केव्हा जामिनावर जाईल आणि केव्हा दुसऱ्या जेलला हलवला जाईल याचा नेम नसतो. गोव्यात संगाथ संस्थेने साध्या प्रशिक्षित समुपदेशकांकडून सहा ते आठ बैठकांत, माणसाला टप्प्याटप्प्याने पुन्हा कामाला, नात्यांना जोडून घेण्याची पद्धत तपासली. तिचा उपयोग झाला आणि ते निष्कर्ष २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले. जागतिक आरोग्य संघटनेचा प्रॉब्लेम मॅनेजमेंट प्लस हा कार्यक्रम पाच बैठकांचा आहे. दोन्हींना मानसोपचारतज्ज्ञच लागतो असं नाही, प्रशिक्षण आणि वरून देखरेख लागते.

तुरुंगांतल्याच प्रयोगांचं काय? यून, स्लेड आणि फझेल यांनी २०१७ मध्ये ३७ चाचण्या एकत्र तपासल्या. विचार-वर्तन थेरपी, म्हणजे सीबीटी, आणि माइंडफुलनेसवर आधारलेल्या पद्धतींनी बंद्यांचा त्रास मध्यम प्रमाणात कमी झाला. पण तीन ते सहा महिन्यांनी तो फरक टिकलेला दिसला नाही. म्हणून "दहा बैठका झाल्या, फाइल बंद" यावर समाधान मानू नका. महिन्याला एक पाठपुरावा बैठक मागून घ्या.

व्यसनाकडे आजार म्हणून बघावंच लागतं. निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने बंगळुरूच्या कारागृहात ५,०२४ बंद्यांची पाहणी केली तेव्हा ७९.६ टक्के जणांना मानसिक आजार किंवा व्यसनाचा विकार आढळला. व्यसन वगळलं तरी २७.६ टक्के उरले. ब्राउन शुगरसारख्या अफूजन्य नशेवर ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन दीर्घकाळ देणं हा सिद्ध उपचार आहे. "आठ दिवस सुकवला की सुटला" यात धोका आहे: शरीराची सवय मोडते, ओढ राहते आणि सुटल्यावर जुन्याच मात्रेने जीव जातो.

आघातानंतरचा त्रास, म्हणजे मारहाण, बलात्कार किंवा डोळ्यांसमोर झालेला खून पुन्हा पुन्हा आठवून दचकणं: यावर आघाताशी थेट काम करणारी सीबीटी किंवा ईएमडीआर, म्हणजे डोळ्यांच्या हालचालींचा वापर करणारी थेरपी. झोपेच्या गोळ्यांवर वर्षभर ठेवणं हा यावरचा उपचार नव्हे.

योग, भजन, विपश्यना, वाचन यांना आमचा विरोध नाही, दिवस सरायला त्यांची मदत होते. पण आवाज ऐकू येणाऱ्याला औषधाशिवाय दहा दिवसांच्या मौनात बसवू नका, त्याने आजार उसळू शकतो. गळ्यातला दोरा आईच्या समाधानासाठी राहू दे; औषध मात्र त्याच्यासाठी थांबवायचं नाही. आणि एकट्याला कोठडीत डांबून ठेवणं हा उपचार कधीच नाही. संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या मंडेला नियमांतला ४५ वा नियम, एकांतवासाने ज्यांचा आजार बळावेल अशा बंद्यांना तसं ठेवायला मनाई करतो.

स्वतः पडताळायचं असेल तर इंडियन सायकियाट्रिक सोसायटीची उपचार मार्गदर्शक तत्त्वं इंडियन जर्नल ऑफ सायकियाट्रीत फुकट वाचता येतात. जागतिक आरोग्य संघटनेची एमएचगॅप पुस्तिका जनरल डॉक्टरांसाठीच लिहिलेली आहे, त्यामुळे कारागृहाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांपुढे तिचं पान ठेवायला संकोच वाटायचं कारण नाही. फौजदारी यंत्रणेत अडकलेल्यांच्या मानसिक आरोग्यावर ब्रिटनच्या नाइस संस्थेचं २०१७ चं मार्गदर्शन आहे, क्रमांक एनजी ६६. पबमेड या वैद्यकीय शोधनिबंधांच्या संकेतस्थळावर शोधताना आजाराच्या इंग्रजी नावासोबत "प्रिझनर्स" आणि "रँडमाइज्ड" हे शब्द इंग्रजीत टाका. अर्जाला पूर्ण शोधनिबंध जोडू नका. संबंधित एक पान, त्यातली एक ओळ पिवळ्या पेनने रंगवून.

उपचार करणारा माणूस कोण हेही बघा. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एम.डी., डी.एन.बी. किंवा डी.पी.एम. झालेला डॉक्टर, औषध तो लिहू शकतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, नोंदणी क्रमांक विचारायला हरकत नाही. २०१६ च्या आदर्श कारागृह नियमावलीत दर ५०० बंद्यांमागे एक मानसशास्त्रज्ञ किंवा समुपदेशक धरला आहे. प्रत्यक्षात एवढी माणसं नसतात, म्हणून बाहेरचे रस्ते माहीत हवेत.

पुण्यातले रस्ते, क्रमाने

पहिला टप्पा कारागृह रुग्णालय. तिथून गरज पडली तर ससून रुग्णालयाचा मानसोपचार विभाग, आणि भरती लागली तर येरवड्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय. जेल आणि मनोरुग्णालय दोन्ही येरवड्यातच, तरी बंदी तिथे पोचायला आठवडे लागू शकतात, कारण पोलीस गार्ड मिळाला नाही की तारीख हुकते. एकदा हुकली तर लगेच न्यायालयात कळवा, आणि पुढच्या अर्जात "तपासणीच्या दिवशी गार्ड उपलब्ध करून द्यावा" हे पोलीस मुख्यालयाला उद्देशून वेगळं मागा. औषधाच्या नियमित फेरतपासणीसाठी व्हिडिओवरून मानसोपचारतज्ज्ञ दाखवावेत, असाही पर्याय त्याच अर्जात ठेवा. नव्या, तीव्र आजारात मात्र प्रत्यक्ष तपासणीचाच आग्रह धरा.

कायद्याचा आधार आहे मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७. त्याचं कलम १०३ बंद्यांसाठीच आहे. कारागृहाच्या वैद्यकीय विभागात मानसोपचार कक्ष असेल तर तिथे हलवणं पुरेसं. नसेल तर मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाच्या परवानगीने मानसिक आरोग्य आस्थापनेत हलवता येतं. कारागृहाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी दर तिमाहीला या मंडळाला अहवाल पाठवायचा असतो, आणि आजारी बंद्याला जेलमध्येच का ठेवलं, असं मंडळ विचारू शकतं. म्हणून मंडळाला साध्या कागदावरचं पत्रही वाया जात नाही.

याच कायद्याच्या कलम १४ खाली बंदी साध्या कागदावर सही किंवा अंगठा देऊन स्वतःचा नामनिर्देशित प्रतिनिधी नेमू शकतो. ही सही वकिलांनी मुलाकतीत घ्यावी, पहिल्याच आठवड्यात. ती असली की उपचाराची माहिती मागायला तुम्हाला अधिकार राहतो. नसेल तर "गोपनीय आहे" एवढं एक उत्तर मिळतं, आणि ते कायद्याला धरून असतं.

न्यायालयासाठी अर्जाचा मायना असा ठेवता येतो. वकील आपल्या भाषेत बसवतील:

"सदर न्यायबंदी सन २०१९ पासून स्किझोफ्रेनियाने आजारी असून रिस्पेरिडोन ४ मिलिग्रॅम रात्री व ट्रायहेक्सिफेनिडिल २ मिलिग्रॅम सकाळी घेत होता. दि. ३ पासून औषधे खंडित आहेत. दि. १७ च्या भेटीत तो स्वतःशी बोलताना व अन्न नाकारताना दिसला. तरी (१) त्याची सात दिवसांत मानसोपचारतज्ज्ञाकडून तपासणी व्हावी, (२) वरील औषधे तज्ज्ञांच्या सल्ल्याने पुन्हा सुरू व्हावीत, (३) तपासणी अहवाल व औषधतक्ता पुढील तारखेस न्यायालयात सादर व्हावा, (४) तोवर त्यास एकट्यास ठेवू नये."

चार मागण्या, चारही मोजता येण्याजोग्या. तिसरी कधीच गाळू नका, तिच्यामुळेच पुढच्या तारखेला विषय पुन्हा पटलावर येतो.

आरोपीला खटला समजतच नसेल, वकिलाला सूचना देता येत नसतील, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेची कलमं ३६७ आणि ३६८ लागतात. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतली ३२८ आणि ३२९. तो बचाव करायला असमर्थ ठरला तर कलम ३६९ खाली जामिनाचा विचार होतो, गुन्हा जामीनपात्र नसला तरी. अट अशी की भरती राहून उपचारांची गरज नसावी आणि नातेवाइकाने जवळच्या रुग्णालयात नियमित बाह्यरुग्ण उपचार घेऊन देण्याची हमी द्यावी. ही हमी तोंडी चालत नाही. कोण नेणार, कोणत्या रुग्णालयात, कोणत्या वारी, औषध कोण देणार हे लिहून, आधार कार्डाच्या प्रतीसह तारखेला घेऊन जा. साधा जामीन अर्ज असेल तर कलम ४८० मध्ये आजारी किंवा अशक्त व्यक्तीचा विचार करायची तरतूद आहे.

खासगी वकील परवडत नसेल तर कोठडीतल्या कुणालाही, उत्पन्न न बघता, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे मोफत वकील मिळतो. शिवाजीनगर न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात किंवा लोकअभिरक्षक कार्यालयात जा, नाहीतर १५१०० वर फोन करा. जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली कच्च्या कैद्यांची आढावा समिती असते. मानसिक आजारी बंदी हा तिच्या यादीतला स्वतंत्र प्रकार आहे. नाव त्या यादीत घालावं, असं पत्र प्राधिकरणाच्या सचिवांना द्या.

उत्तरच येत नसेल तर माहिती अधिकारात औषधतक्ता आणि तपासणीच्या तारखा मागा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. अर्जाच्या डोक्यावर "जीविताशी संबंधित, कलम ७(१), ४८ तास" असं ठळक लिहा आणि जीविताला धोका कसा हे एका ओळीत सांगा. कारण न लिहिलेला अर्ज तीस दिवसांच्या ढिगात जातो.

जीव द्यायची भाषा आली तर

पहिले काही दिवस, जामीन फेटाळल्याची संध्याकाळ, शिक्षा सुनावल्याचा दिवस, घरून मृत्यूची किंवा घटस्फोटाची बातमी, आणि रुग्णालयातून परत बराकीत आल्यानंतरचा आठवडा: धोका या वेळी जास्त. वाईट बातमी इंटरकॉमवर सांगून निघून येऊ नका. आधी ड्यूटीवरच्या तुरुंगाधिकाऱ्यांना सांगा, मग बंद्याला, आणि बाहेर पडताना लेखी कळवा. "जगण्यात अर्थ नाही" असं तो म्हणाला तर थेट विचारा, "मरायचा विचार येतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही.

मागायचं काय? त्याच दिवशी तपासणी, सोबतीची माणसं असलेली बराक, थोड्या थोड्या वेळाने नजर, रोज एकदा डॉक्टर किंवा समुपदेशक, आणि औषध समोर उभं राहून गिळवणं. "असं करणार नाही" असं लिहून घेतल्याने काही टळत नाही, उलट सगळे निर्धास्त होतात. प्रयत्न झालाच तर त्याच्यावर गुन्हा लागू नये म्हणून मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाचं कलम ११५ दाखवा: अशा माणसाला तीव्र ताण होता असंच गृहीत धरायचं असतं. नव्या न्याय संहितेच्या कलम २२६ मध्ये सरकारी नोकराला भाग पाडण्यासाठी केलेला प्रयत्न अजून गुन्हा आहे, म्हणून आजाराची आधीची नोंद कागदावर असणं इथेही कामी येतं. घरच्यांना स्वतःला बोलायचं असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीतही.

दर मुलाकतीला काय विचारायचं

"बरा आहेस ना?" याला "हो"च उत्तर येतं. त्यापेक्षा: रात्री किती वाजता झोप लागली? गोळ्या किती, कोणत्या रंगाच्या, कोण देतं? कालची मिळाली का? शेवटचं डॉक्टरांकडे कधी नेलं? जेवण किती? बराक बदलली का? घरी आल्यावर वहीत तारखेखाली लिहा. बराक किंवा सर्कल (कारागृहातला विभाग) बदललं की औषधाची यादी मागे राहते, हा नेहमीचा घोळ. बदल कळला की दुसऱ्याच दिवशी एक पत्र द्या. गोळीचा रंग बदलला तर घाबरू नका, कंपनी बदलली असेल, पण नाव विचारून खात्री करा. लांबच्या नातेवाइकांनी ई-मुलाकत घ्यावी, मात्र चेहरा, हातांचा थरथराट आणि चालणं समोरच्या भेटीतच कळतं.

सुटकेची तयारी

ही सुटकेच्या दिवशी करून चालत नाही. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात २००७ साली छापून आलेल्या पाहणीत, सुटल्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत मृत्यूचा धोका इतर लोकांच्या १२.७ पट दिसला, आणि त्यात सगळ्यात मोठं कारण नशेची जास्त मात्रा होतं. इंग्लंडमध्ये अफूजन्य व्यसनावरचे उपचार चालू असताना सुटलेल्यांमध्ये पहिल्या महिन्यातले मृत्यू ७५ टक्क्यांनी कमी आढळले.

जामीन मंजूर झाला तरी आदेश पोचून माणूस संध्याकाळी बाहेर येतो, तेव्हा ससूनची ओपीडी बंद झालेली असते. म्हणून जामीन अर्ज लागला त्याच आठवड्यात ही कामं उरका: घराजवळच्या मानसोपचारतज्ज्ञांची किंवा औंध जिल्हा रुग्णालयाची ओपीडी कोणत्या वारी ते विचारून ठेवा, आणि पहिली भेट सुटकेपासून सात दिवसांच्या आत ठरवा. १५ दिवसांची औषधं सध्याच्या डोसच्या प्रिस्क्रिप्शनवर आणून ठेवा. जुन्या डोसची घरात पडलेली पट्टी वापरू नका. दारू-गर्दचा प्रश्न असेल तर येरवड्यातच मुक्तांगण आहे, आधीच फोन करून प्रवेशाची पद्धत समजून घ्या. स्किझोफ्रेनिया असेल तर घरच्यांसाठी स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनचा आधारगट पुण्यात आहे. जुन्या मित्रांच्या पार्टीला पहिला महिना ठाम नाही म्हणायचं, हे घरात सगळ्यांनी मिळून ठरवा.

कारागृह रुग्णालयाकडे सुटकेच्या वेळी द्यायच्या उपचार-गोषवाऱ्यासाठी अर्ज आधीच देऊन ठेवा: निदान, चालू डोस, शेवटच्या इंजेक्शनची तारीख, शेवटचे रक्ततपासणीचे आकडे. तो गेटवर मिळाला नाही तर दुसऱ्या दिवशी सकाळी नामनिर्देशनाचा कागद घेऊन परत जा. इंजेक्शनची तारीख कळल्याशिवाय बाहेरच्या डॉक्टरांना पुढचं इंजेक्शन कधी द्यायचं ते ठरवता येत नाही.